बार चार्टचे रंग काही केल्या बदलत नाहीत (वर्डप्रेस, धरणसाठ्याचं पान)

भीमाकाठ | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी प्रोग्रामर नाही, इंदापूर तालुक्यात माझं खताचं दुकान आहे. पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे गिऱ्हाईक युरियाचा भाव नंतर विचारतं, आधी "पुण्यात किती झालं?" हे विचारतं. मुठेचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं, शिवाय खडकवासल्यातून निघालेला नवा मुठा उजवा कालवा थेट आमच्या तालुक्यापर्यंत पोचतो. त्यामुळे पुण्याच्या धरणांवर आमचा डोळा असतोच.

दोन वर्षांपूर्वी एक साधी साइट उभी केली. रोज सकाळी शीटमध्ये आकडे भरतो, एक मोफत प्लगइन ती शीट वाचून बार चार्ट काढतं. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला आणि उजनी असे पाच बार, टक्केवारीत.

अडचण अशी की पाचही बार फिकट राखाडी येतात, धुतलेल्या पाटीसारखे. सेटिंगमध्ये रंगाचा एकच चौकोन आहे आणि तो सगळ्या बारना मिळून लागतो. दर बारला वेगळा रंग हवा तर पैसे भरा म्हणतात. बरं, तो एक चौकोन निळा केला तरी बार राखाडीच. नेटवर शोधून सीएसएस (पानाचं रंगरूप ठरवणारा कोड) टाकलं, ढिम्म. मग कुठलासा तयार कोड चिकटवला तर अख्खा चार्टच गायब. काढला की परत राखाडी. तीन रात्री गेल्या, आता घरात बोलणी खातोय.

---

चटकमटक | रात्री ९:५२

सीएसएसमध्ये रंगापुढे इम्पॉर्टंट लिहा. माझ्या सगळ्या साइटवर चालतं.

---

भीमाकाठ | रात्री ९:५५

लिहिलंय हो. दोनदा लिहिलंय.

---

काळी_पाटी | रात्री १०:२०

दोनशेदा लिहिलंत तरी होणार नाही. चार्टवर उजवं क्लिक करून "इन्स्पेक्ट" उघडा आणि त्या जागी कॅनव्हास आहे की एसव्हीजी ते सांगा. माझा अंदाज कॅनव्हास.

कॅनव्हास म्हणजे भिंतीवर रंगवलेली जाहिरात समजा. पेंटर रंगवून गेला. आता भिंतीपुढे उभं राहून "ते 'ब' अक्षर लाल हो" म्हटलं तर भिंतीला काय कळणार? तिच्यावर अक्षरं नाहीतच, नुसते रंगाचे ठिपके आहेत. सीएसएसला पानावरचे घटक दिसतात, ठिपके दिसत नाहीत. तेव्हा पेंटरलाच गाठायचं, तोही रंगवायला बसायच्या आधी. इथे पेंटर म्हणजे जावास्क्रिप्टची चार्ट लायब्ररी. फिकट राखाडी ऐकून चार्टजेएस वाटतंय. तिला कुणी रंग सांगितला नाही की ती दहा टक्के काळा वापरते, तोच तुमचा धुतलेल्या पाटीचा रंग.

एसव्हीजीची गोष्ट उलटी. तिथे प्रत्येक बार हा खरा घटक असतो आणि सीएसएस नको तेवढं लागू पडतं. एका गिऱ्हाइकाच्या थीमने आयकॉनसाठी म्हणून सगळ्या एसव्हीजी आकारांना एकच काळा रंग ठरवून ठेवला होता. त्याचा पाय चार्ट जळक्या भाकरीसारखा दिसायचा. चटकमटक यांचा उपाय अशा ठिकाणी चालतो, म्हणजे ते अगदीच चुकीचं सांगत नाहीयेत.

---

चटकमटक | रात्री १०:२४

"अगदीच" बद्दल आभारी आहे.

---

भीमाकाठ | रात्री १०:४१

कॅनव्हासच आहे. आणि तो कोड चिकटवल्यावर कन्सोलमध्ये (ब्राउझर चुका दाखवतो ती खिडकी) लाल अक्षरात काहीतरी येतंय. इथे कोड टाकला की हा मंच कंस खातो म्हणून शब्दांत सांगतो. मी चिकटवलेली ओळ "चार्ट डॉट डिफॉल्ट्स डॉट ग्लोबल डॉट" अशी सुरू होते आणि तक्रार "अनडिफाइन्ड" आहे.

---

काळी_पाटी | रात्री १०:५८

सापडलं. ते "ग्लोबल" चार्टजेएसच्या दुसऱ्या आवृत्तीतलं आहे. २०२१ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा ते काढून टाकलं. आता डिफॉल्ट्सनंतर थेट गुणधर्माचं नाव येतं. अक्षरांना "कलर", जाळीच्या रेघांना "बॉर्डरकलर", बारच्या भरावाला "बॅकग्राउंडकलर". अक्षांची मांडणीही बदलली. पूर्वी एक्सअ‍ॅक्सेस, वायअ‍ॅक्सेस अशा याद्या असायच्या, आता नुसतं एक्स आणि वाय. शीर्षक आणि लेजंड (कुठला रंग कशाचा ते सांगणारी यादी) ऑप्शन्समधल्या "प्लगइन्स"च्या आत गेले.

नेटवरची निम्मी उत्तरं दुसऱ्या आवृत्तीच्या काळातली आहेत आणि शोधात तीच वर येतात. म्हणून चिकटवण्याआधी लायब्ररीची फाइल उघडून पहिली ओळ वाचायची, आवृत्तीचा आकडा तिथेच असतो. तुमच्याकडे तिसरी किंवा चौथी असणार. नसलेल्या "ग्लोबल"मध्ये काही लिहायला गेलात म्हणून स्क्रिप्ट जागीच मेली आणि तिच्यामागचा चार्टही.

---

ताकाची_कढी | रात्री ११:०६

निळा चौकोन भरूनही राखाडी, त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. कॅशे प्लगइन आहे का? असेल तर तुम्ही रंग बदलताय आणि वाचकाला कालचं पान मिळतंय. कॅशे रिकामा करा आणि खाजगी विंडोत बघा.

दुसरं, त्यात "जावास्क्रिप्ट उशिरा चालवा" असा पर्याय चालू असेल तर चार्टचं पान त्यातून वगळा. काळी_पाटी म्हणाले तसं रंग पेंटर बसायच्या आधी सांगायचे असतात. म्हणजे लायब्ररी आल्यानंतर आणि चार्ट निघण्याआधी. हा पर्याय नेमका तो क्रम उलटापालटा करतो. कोड चाइल्ड थीममधून (मूळ थीमवर बसवलेली आपली वेगळी थीम) लायब्ररीच्या हँडलला, म्हणजे वर्डप्रेसमधल्या तिच्या नावाला, जोडून टाका, वर्डप्रेसमध्ये इनलाइन स्क्रिप्टची सोय आहे. मूळ थीममध्ये टाकू नका, पहिल्या अपडेटला पुसला जाईल. माझा गेलाय. दिवाळीच्या दिवशी.

---

भीमाकाठ | रविवार, सकाळी ७:१५

निळे झाले! पाचही निळे! कॅशेच होता, आणि "ग्लोबल" काढल्यावर अक्षरंही गडद झाली. कढीताई आणि पाटीदादा, दोघांना दंडवत. आता पाच रंगांचं बघतो.

---

भीमाकाठ | मंगळवार, सकाळी ८:०५

पाच रंग झाले, पण नवीन लफडं झालं. बॅकग्राउंडकलरला एकाच रंगाऐवजी पाच रंगांची यादी दिली, मस्त लागले. काल मी शीट टक्केवारीनुसार चढत्या क्रमाने लावली, जास्त भरलेलं धरण शेवटी यावं म्हणून. आज सकाळी साडेसहाला निमगावातून फोन, "खडकवासला काल निळं होतं, आज केशरी कसं? पाणी सोडलं का काय?"

चार लोकांना समजावून सांगितलं. पाचव्याला म्हटलं, हो सोडलं.

---

काळी_पाटी | मंगळवार, दुपारी १:३०

पाचव्याला उत्तर भारी दिलंत.

पण ही चूक तुमच्या एकट्याची नाही. यादी दिली की पहिला रंग पहिल्या बारला, दुसरा दुसऱ्याला. त्या यादीला धरणबिरण काही ठाऊक नसतं, तिला फक्त क्रम कळतो. क्रम बदलला की रंगांची अदलाबदल. एखादं धरण फिल्टर करून काढलंत तरी तेच, मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतात. वाचकाने मात्र "निळं म्हणजे खडकवासला" हे डोक्यात पक्कं केलेलं असतं. म्हणून रंग क्रमाला बांधू नका, धरणाच्या नावाला बांधा.

एक छोटा कोश करा, डावीकडे धरणाचं नाव, उजवीकडे रंग. मग चार्टजेएसमध्ये आपलं स्वतःचं चिमुकलं प्लगइन नोंदवता येतं, त्यातलं "बिफोरअपडेट" चार्ट निघण्याआधी दर वेळी चालतं. तिथे लेबलं एकेक करून वाचायची, कोशात नाव बघायचं आणि तो रंग द्यायचा. नाव सापडलं नाही तर राखाडी. हा राखाडी मुद्दाम ठेवा, चूक झाली की तोच ओरडून सांगतो. आणि कॅनव्हासचा आयडी तपासा, नाहीतर साइटवरच्या बाकीच्या चार्टांनाही धरणांचे रंग लागतील.

असं केलंत की प्लगइनवाल्यांच्या पैशाच्या आवृत्तीची गरजही उरत नाही.

---

हौशी_जलतज्ज्ञ | मंगळवार, दुपारी ३:१०

माझं मत वेगळं. नावाला कशाला, रंग साठ्याला बांधा. तीस टक्क्यांखाली लाल, सत्तरपर्यंत पिवळा, वर हिरवा. एका नजरेत कळतं.

---

मुळशीकर_मंदा | मंगळवार, सायंकाळी ६:४५

कुणाच्या नजरेत? माझ्या नवऱ्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. कैरी पिकली की नाही हे तो दाबून बघतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये सुमारे आठ टक्क्यांना असं असतं. आपल्याकडे प्रमाण कमी सांगतात, पण आमच्या घरात ते पन्नास टक्के आहे.

आणि भरलेलं म्हणजे हिरवं, म्हणजे चांगलं, हे कुणी ठरवलं? इंदापूरकरांना चांगलं. पुण्यात नदीकाठच्या सोसायटीत राहणाऱ्याला खडकवासला भरलं म्हणजे आता विसर्ग वाढणार, भिडे पूल पाण्याखाली जाणार आणि तळमजल्यावरच्या गाड्या हलवा. त्याला तो बार लाल हवा.

---

हौशी_जलतज्ज्ञ | मंगळवार, सायंकाळी ७:०२

हा मुद्दा मान्य. हवामान खातं मात्र रंग वापरतंच की.

---

मुळशीकर_मंदा | मंगळवार, सायंकाळी ७:२०

वापरतं, आणि तिथेच बघा गंमत. सरासरीच्या तुलनेत पाऊस दाखवणारा त्यांचा नकाशा आठवा. वीस ते एकोणसाठ टक्के तूट असेल तर जिल्हा लाल. साठ टक्के किंवा त्याहून जास्त तूट असेल तर पिवळा. म्हणजे परिस्थिती बिघडली की रंग सौम्य होतो! इशाऱ्यांमध्ये मात्र पिवळा, नारिंगी, लाल असा चढता क्रम. एकाच खात्याचे दोन नकाशे शेजारी ठेवले की पिवळ्याचे दोन अर्थ. निळी आणि लाल पूररेषा आणखी निराळी, पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतल्याची लाल. पाण्याच्या विषयात रंगांवर आधीच इतके अर्थ चढलेत की आपण आणखी एक चढवू नये. धरणाची ओळख एवढंच काम रंगाला द्या.

---

रंगारी_नाही | मंगळवार, रात्री ९:३०

मग रंग मी देतो. मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी शास्त्रज्ञांनी रंगांधळ्यांनाही वेगळे कळतील असे आठ रंग ठरवले. आकडेवारीसाठीच्या आर भाषेत २०२० पासून "पॅलेट डॉट कलर्स" या फंक्शनकडे रंगपट्टी मागितली की न सांगता तीच मिळते. पण आठही उचलू नका. त्यातला पिवळा पांढऱ्यावर दिसतच नाही, नारिंगी आणि आकाशी फिके पडतात. वेबच्या सुलभतेचे नियम आलेखातल्या आकाराला पार्श्वभूमीशी निदान ३ला १ कॉन्ट्रास्ट मागतात. मी हिशेब केला, पांढऱ्यावर रंगीत चारच पास होतात. लाल, हिरवा, निळा या क्रमाने आकडे:

निळा ०, ११४, १७८ (कॉन्ट्रास्ट ५च्या वर)
शेंदरी २१३, ९४, ० (४च्या जरा खाली)
निळसर हिरवा ०, १५८, ११५ (साधारण ३.४)
लालसर जांभळा २०४, १२१, १६७ (जेमतेम ३)

पुण्याची धरणं चार, रंग चार. आठातला काळा उरतो, तो उजनीला. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये "रेंडरिंग" नावाची पट्टी आहे, तिथे रंगांधळ्याला पान कसं दिसेल ते बघता येतं. मंदाताईंच्या यजमानांना त्रास द्यायला नको.

---

शेवटचा_बाक | बुधवार, सकाळी १०:१५

सगळा धागा वाचला. एक मूर्ख प्रश्न. बारखाली धरणाचं नाव लिहिलेलंच आहे ना? मग रंग हवेतच कशाला? पाचही निळे होते तेच बरे होते.

---

काळी_पाटी | बुधवार, सकाळी ११:००

मूर्ख अजिबात नाही, हा प्रश्न पहिल्याच दिवशी मी विचारायला हवा होता. नुसता बार चार्ट असेल तर तुमचंच बरोबर, एक रंग पुरे. भीमाकाठ, साइटवर दुसरा काही चार्ट आहे का?

---

भीमाकाठ | बुधवार, दुपारी २:४०

आहे, त्याच पानावर खाली. जूनपासूनचा रोजचा साठा, लाइन चार्ट, पाच रेघा. तिथे बारसारखी खाली नावं नाहीत, लेजंड बघावा लागतो. वर खडकवासला निळं आणि खाली पण निळंच असेल तर माणूस न वाचता खाली उतरतो. म्हणून रंग ठेवतोय. पण शेवटचा_बाक यांच्या प्रश्नावर विचार करून तालुक्याच्या पावसाचा तिसरा चार्ट मात्र एकरंगी केला.

नवीन घोळ: चार धरणांना रंग लागले, वरसगाव एकटं राखाडी. कोशात नाव आहे. शंभर वेळा बघितलं.

---

ताकाची_कढी | बुधवार, दुपारी २:५५

शीटमध्ये वरसगाव लिहिलंय की वरसगांव?

---

भीमाकाठ | बुधवार, दुपारी ३:०१

अनुस्वार! शीटमध्ये गांववर टिंब आहे, कोशात नाही. आमच्या शाळेतल्या बाई आठवल्या.

---

ताकाची_कढी | बुधवार, दुपारी ३:०४

आपल्याला एकच नाव, संगणकाला दोन वेगळी. नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही तपासा, ती तर डोळ्यांना दिसत पण नाही. कोडमध्ये ट्रिम लावून टाका. आणि जमलं तर शीटमध्ये नाव हाताने टाइप करायचं सोडून निवडीची यादी ठेवा.

---

हौशी_जलतज्ज्ञ | बुधवार, रात्री ८:२०

रंगांवरून माझा निकाल लागला, पण आता मी खरंच कामाचं सांगतो. उजनीचं काय करणार? ती उन्हाळ्यात उणेत जाते. उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि मृतसाठा, म्हणजे तळाचं, नेहमीच्या वापरात न धरलेलं पाणी, ६३.६६ टीएमसी, म्हणजे मृतसाठा उपयुक्तपेक्षा मोठा. टक्के उपयुक्त साठ्यावर काढतात, त्यामुळे हिशेबाने उजनी उणे शंभराच्याही खाली जाऊ शकते. तुमचा अक्ष शून्यापासून सुरू होत असेल तर बारच दिसणार नाही आणि लोक म्हणतील माहिती आली नाही.

शिवाय टक्केवारीची गफलत आहेच. खडकवासला १.९७ टीएमसीचं, वरसगाव १२.८२चं. दोन्ही ऐंशी टक्के दाखवली की बार सारखे उंच, पाणी मात्र साडेसहापट. चौघांचे मिळून २९.१५, त्यात पानशेत १०.६५ आणि टेमघर ३.७१. बारच्या टोकाला टीएमसीचा आकडा लिहाच.

---

काळी_पाटी | बुधवार, रात्री ९:१०

हे पोस्ट फ्रेम करून लावावं असं आहे.

उणेसाठी नवा रंग काढू नका, उजनी काळी ती काळीच. आकडा शून्याखाली गेला की भराव पांढरा आणि कडा काळी, म्हणजे पोकळ बार. बॅकग्राउंडकलरला रंगाऐवजी फंक्शनही देता येतं, ते दर बारचा आकडा बघून रंग परत देतं. पण तुमच्याकडे कोशाचं प्लगइन आहेच, त्यातच एक अट वाढवा. बॉर्डरची जाडी दोन करा, मूळ शून्य असते, नाहीतर पांढऱ्यावर पांढरा बार शोधत बसाल. अक्षाचा "मिन" शून्य ठेवला असेल तर काढून टाका.

---

भीमाकाठ | शुक्रवार, सकाळी ९:२५

झालं सगळं. उजनी पोकळ दिसायला लागल्यावर दुकानात एक म्हातारबाबा मोबाईल लांब धरून म्हणाले, "रिकामं हाय ते रिकामंच दावलंय." मला लेजंडमध्ये काही लिहायची गरजच पडली नाही.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर याची झेरॉक्स लावतात, त्यात मात्र चारही रंग एकसारखे करडे झाले. रंगारी_नाही, तुमचं गणित कागदावर फसलं.

---

रंगारी_नाही | शुक्रवार, सकाळी १०:४०

फसणारच, चौघांचा उजळपणा जवळजवळ सारखा आहे. बारखाली नावं आहेत म्हणून तिथे निभावतं. लाइन चार्टमध्ये लेजंड काढून प्रत्येक रेघेच्या टोकाला नाव लिहा, आणि एखादी रेघ तुटक, एखादी ठिपक्यांची करा. "बॉर्डरडॅश" शोधा.

---

भीमाकाठ | शुक्रवार, रात्री १०:१२

बॉर्डरडॅश जमलं. टोकाची नावं दोन धरणं जवळ आली की एकमेकांवर चढतात, ते हाताने सरकवतोय.

पोराने आत्ता त्याच्या फोनवर दाखवलं. त्याचा डार्क मोड आहे, माझी थीमही काळी होते, आणि उजनीची रेघ काळ्यावर काळी. उजनीच गायब! याला नवीन धागा काढू का?

---

काळी_पाटी | शुक्रवार, रात्री १०:२०

इथेच चालू ठेवा. कोशात उजनीपुढे एका रंगाऐवजी दोन लिहा, उजेडातला काळा आणि अंधारातला पांढरा. फोन कुठल्या मोडवर आहे ते ब्राउझरला विचारता येतं, मोड बदलला की चार्टला "अपडेट" म्हणायचं. पोकळ बारचा पांढरा भरावही उलटा करायचा, तो विसराल. आणि रंगारींचा निळा काळ्यावर कसा दिसतो ते पोराच्याच फोनवर बघून सांगा.